गाडी पाणी खातेय पण गळती सापडत नाही? पिकअपच्या इंजिनमागची कूलंट गळती कशी शोधायची आणि काढायची

आंब्याचा सीझन, मागे पेट्या रचलेल्या, हातखंबा गेलं, पाली गेली, साखरप्यापर्यंत गाडी अगदी गुमान चालते आणि आंबा घाट लागला की टेम्परेचरचा काटा हळूहळू वर सरकायला लागतो. वर आंबा गावात थांबून बोनेट उघडावं तर बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, खाली गेलेलं आणि खाली वाकून बघावं तर रस्ता कोरडा. आमच्या पिकअपने हे दोन महिने केलं. एका मिस्त्रीने होज, म्हणजे पाण्याचे रबरी पाइप, बदलले, दुसऱ्याने वॉटर पंप नवा घातला, पैसे गेले आणि गळती होती तिथेच. शेवटी ती निघाली इंजिनच्या पाठीमागे, केबिनच्या पत्र्याला लागून जो लोखंडी पाइप जातो ना हीटरचा, त्याच्यावर चढवलेल्या रबरी होजच्या क्लिपखाली. तिथे धड हात जात नाही न डोळा पोचत नाही. त्यातून जे शिकलो ते इथे सगळं लिहितोय, कारण माझं मत असंय की अशा गळतीत खोलाखोलीपेक्षा शोधाशोधीला जास्त वेळ द्यायचा, गळती डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक बोल्टसुद्धा सोडायचा नाही.

आधी खरंच पाणी खातेय का ते बघा

सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, बाटलीवर मार्करने रेघ मारा. तीन दिवस रोज सकाळी त्याच जागेवर बघायचं. गरम गाडीत कूलंट फुगतं त्यामुळे संध्याकाळी बघितलेली लेव्हल काही कामाची नाही. काही गाड्यांत रेडिएटरला वेगळी कॅप असते आणि बाटली फक्त ओव्हरफ्लोची, तिथे बाटली भरलेली दिसते पण रेडिएटर आत अर्धा रिकामा असू शकतो, म्हणून थंड असताना कॅप उघडून आतही बघा. थंड असताना म्हणजे थंडच, हात लावला की गार लागला पाहिजे. गरम रेडिएटरची कॅप उघडून तोंड-हात भाजून घेतलेली माणसं प्रत्येक गॅरेजला माहीत असतात.

खाली पाणी पडलेलं दिसलं तर ते एसीचं आहे का कूलंट ते ओळखायला सोपं, बोटांत चोळलं की कूलंट बुळबुळीत लागतं, रंग असतो, थोडा गोडूस वास येतो. चाखून बघायचं नाही हां, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड असल्यामुळे कुत्री मांजरं ते चाटतात, त्यामुळे अंगणात सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका.

आता आतली गळती नाही ना याची खात्री, कारण ती असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधाच्या कॉफीसारखं भुरकट झालंय का. सकाळी थंड गाडी चालू करून कॅपमधून आत बघा, सतत बुडबुडे येतायत का. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी सुद्धा दगडासारखा टणक असेल तर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाण्यात येतंय, म्हणजे हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय. मागून पांढरा धूर, तोही गाडी तापल्यावर न थांबणारा, असेल तर हेड गॅस्केट किंवा नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा धूर कूलंटने गार करणारा भाग. ईजीआर कूलर आतून फुटला की कूलंट थेट इंजिनात जाऊन जळतं, खाली एक थेंब पडत नाही आणि माणूस वेडा होतो. यातलं काही दिसलं तर घरचे उद्योग थांबवा आणि चांगल्या मिस्त्रीकडे जा.

आणि कॅप! सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात शेवटी बघितला जातो. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढ्या बारचा दाब ती धरून ठेवते. साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं, त्याच्यावर एक बारचा दाब दिला की १२० च्या आसपास उकळतं, म्हणजे कॅपचा रबर मेला तर गळती नसतानाही घाटात कूलंट उकळून बाहेर फेकलं जाणार. गाडी थंड झाल्यावर होज चिमटल्यासारखे आत बसलेले दिसले तर कॅपचा उलटा वॉल्व्ह चिकटलाय. त्याच आकड्याची नवी कॅप घ्या, जास्त आकड्याची घेऊन हुशारी करू नका, जुने होज फुटतील.

गळती डोळ्यांनी दिसली पाहिजे

थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, हे पाठ करून ठेवा. आमच्या गाडीत थेंब पडायचा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली, आणि गळत होतं त्याच्या दोन फूट वर. कूलंट वायरिंगवरून, ब्लॉकच्या कडेवरून, बोल्टच्या डोक्यावरून ओघळत येतं, चालत्या गाडीत पंख्याची हवा त्याला मागे फेकते. पण मोठी अडचण अशी की गरम इंजिनवर बारीक गळतीचं पाणी खाली पोचायच्या आतच वाफ होऊन उडून जातं, मागे राहते फक्त पांढरी किंवा रंगीत पापुद्र्यासारखी पावडर. ही पावडर म्हणजेच पुरावा, म्हणून इंजिन धुवायच्या आधी बॅटरी टॉर्च घेऊन सगळीकडे नीट बघा आणि मोबाइलने फोटो काढा. बरेच जण आधी प्रेशर वॉशर मारतात आणि पुरावा धुवून टाकतात.

मोबाइल हेच सगळ्यात भारी हत्यार आहे खरं तर. फ्लॅश चालू, व्हिडिओ चालू, हात जाईल तिथपर्यंत मोबाइल आत सरकवायचा, हळू फिरवायचा, मग बाहेर काढून थांबवत थांबवत बघायचं. जिथे मोबाइल जात नाही तिथे वायरवाला एंडोस्कोप कॅमेरा, जो मोबाइलला लागतो, ऑनलाइन मिळतो. जुन्या पद्धतीने करायचं तर बाइकच्या फुटक्या आरशाचा तुकडा एका तारेला बांधा, तोही चालतो.

पावडरीचे फोटो काढून झाले की इंजिन धुवा, पण अल्टरनेटर आणि कनेक्टरवर प्लास्टिक पिशव्या बांधून, आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. मग प्रेशर टेस्टर. हा म्हणजे हातपंप आणि त्याला मीटर, कॅपच्या जागी बसतो. ओळखीच्या रेडिएटरवाल्याकडे असतोच, एक दिवसासाठी मागून आणा. गाडी थंड, इंजिन बंद, कॅपवर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब पंपाने भरा, जास्त नाही, आणि १५-२० मिनिटं शांत बसा. काटा खाली येतोय तर गळती आहे, आता फक्त बघायचं कुठे. इंजिन बंद असल्यामुळे पंखा नाही, वाफ नाही, थेंब जिथून निघतो तिथेच चमकतो. या एका टेस्टने जे १५ मिनिटांत दिसलं ते दोन महिने दिसलं नव्हतं.

इंजिन थंड असताना काटा हललाच नाही तर गाडी तापवा, पुन्हा थंड होताना परत टेस्ट करा. काही गळत्या फक्त इंजिन थंड असताना होतात कारण रबर आणि धातू आखडतात आणि क्लिप सैल पडते, ती गाडी गरम झाली की बंद. काहींचं बरोबर उलट. आणि काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, तर केबिनमध्ये पायाखालचं मॅट उचलून बघा, हीटर असलेल्या गाडीत हीटर कोअर फुटला की तिथे ओल येते आणि काचेवर आतून तेलकट धुकं बसतं, पुसलं तरी जात नाही.

आता माझा आवडता जुगाड. संशयाची जागा पूर्ण कोरडी करून तिच्यावर घरातली टाल्कम पावडर फुंकायची, मग दाब भरायचा. पावडरीवर ओलीची रेघ इतकी स्वच्छ उमटते की वरचं टोक बघितलं की झालं, गळती तिथेच. पावडर फुंकताना बायकोने बघितलं तर काय ते तुम्ही सांगा. दुसरं म्हणजे लांब स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला पांढरा टिश्यू गुंडाळून एकेक जोड पुसत जायचं आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून रंग लागलाय का बघायचं. यूव्ही डाय पण मिळतो, कूलंटमध्ये टाकून एक फेरी मारून रात्री निळ्या टॉर्चने बघितलं की गळतीची वाट चमकते, अगदीच हट्टी गळती असेल तर तोच उपाय.

नेहमीचे चोर कोण ते सांगतो. वॉटर पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब येत असेल तर आतलं सील गेलंय. थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापलं की उघडणाऱ्या वॉल्व्हच्या) घराचं गॅस्केट. इनटेक मॅनिफोल्डखाली, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली, दडलेला बायपास होज. ऑइल कूलरचा जोड. ब्लॉकच्या अंगात ठोकलेली पत्र्याची गोल बुचं, ती आतून गंजून सुईएवढं भोक पडतं आणि पाठीमागची तर बऱ्याचदा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसतच नाहीत. आणि आमच्यासारखा हीटरचा लोखंडी पाइप. समुद्राची हवा बाहेरून गंजवते आणि विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी टाकत राहिलं की ते आतून गंजवतं, आम्ही दोन्ही केलं होतं.

हात पोचायला वाट करा

इंजिन गार व्हायला निदान तीन तास द्या, शक्यतो रात्रभर. बॅटरीची निगेटिव्ह काढा, इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो, बोटं जातील. गाडी उचलणार असाल तर जॅकवर विश्वास नको, खाली घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे.

वरून जागा नसेल तर लगेच मॅनिफोल्ड काढायच्या गोष्टी करू नका. आधी एअर फिल्टरचा डबा आणि त्याचा जाड पाइप काढा, चारसहा बोल्ट आणि दोन क्लिपा, अर्धी जागा तिथेच मोकळी होते. मग पुढच्या चाकाच्या आतलं प्लास्टिक नाहीतर रबरी पडदा काढून बघा, कित्येक गाड्यांत चाकाच्या कमानीतून इंजिनच्या बाजूला सरळ हात जातो आणि हे फार कमी लोकांना सुचतं. तिसरी वाट खालून. आम्हाला शेवटी दोन माणसं लागली, मी खालून टॉर्च धरून आणि भाचा वरून हात घालून, कारण त्याचा हात बारीक आहे. जाड मनगटाच्या माणसाने हे काम एकट्याने अंगावर घेऊ नये.

टर्बोचा पाइप किंवा काही काढलं तर उघड्या तोंडात लगेच स्वच्छ फडका कोंबा. एक नट टर्बोत पडला की कूलंटच्या गळतीचं दुःख विसरायला होईल. प्रत्येक पायरीला फोटो, आणि बोल्ट ज्या भोकातले त्याच भोकात परत हलकेच अडकवून ठेवा, डब्यात गोळा केले की लांबी मिसळतात.

साधनं फार लागत नाहीत. १०, १२, १३ ची गोटी (सॉकेट), लांब एक्स्टेंशन, वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट, रॅचेट, रिंग पाने, नाकाची पक्कड. कंपनीतून येणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा मात्र साध्या पक्कडीने मागच्या बाजूला निघत नाहीत, सटकून थोबाडावर येतात, त्यासाठी केबलवाली लांब पक्कड मिळते, ती उसनी आणा.

होज काढणं आणि नवा चढवणं

रेडिएटरच्या खालचा कॉक सोडून कूलंट स्वच्छ घमेल्यात घ्या. कॉक प्लास्टिकचा असतो, हाताने हळू फिरवा, पक्कड लावली तर तुटून हातात येईल. जुनं कूलंट नीट स्वच्छ असेल तर परत वापरता येतं, गंजाळलेलं असेल तर नाही.

जुना होज ओढायचा नाही. वर्षानुवर्षं चिकटलेला असतो, ओढला तर खालचा पाइप वाकतो, हीटर कोअरची नळी तर कुरमुऱ्यासारखी तुटते. आधी हलकासा गोल फिरवून बघा, नाही फिरला तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या आणि साल काढल्यासारखा सोलून काढा, पण ब्लेड खालच्या पाइपला लागून चरा पडता कामा नये, नव्या होजमधून त्याच चऱ्यातून गळेल.

आता पाइपचं तोंड बघा, खरा निकाल इथे लागतो. वरवरचा गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर पट्टीसारखा गोल गुंडाळून पुढेमागे ओढत घासा, बोट फिरवून गुळगुळीत लागलं पाहिजे. नखाला खड्डे लागतायत तर कितीही नवा होज आणि कितीही घट्ट क्लिप लावली तरी महिन्याभरात परत गळणार. खड्डेवाला पाइप बदला. नवा मिळत नसेल तर पाइप बाहेर काढून लेथवाल्याकडून तसाच बनवून किंवा टोकाला ब्रेझिंग करून आणा, गाडीतच वेल्डिंग करू नका, शेजारी वायरिंग आणि डिझेलच्या लाइनी असतात.

होज घेताना जुना तुकडा बरोबर न्या, आतला व्यास जुळवा, आणि कूलंटचाच होज मागा. बागेचा पाइप, गॅसचा पाइप, डिझेलचा पाइप, काहीही चालतं म्हणणारे खूप भेटतील, हसून पुढे जा. वळणाच्या जागी साचातून वाकवलेला होजच हवा, सरळ होज वाकवला की आत मुडपतो. लांबी अशी ठेवा की इंजिन हललं तरी ताण येणार नाही आणि एक्झॉस्टला कुठे टेकणार नाही.

चढवताना आतून जरासं कूलंटच लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगतं. होज पाइपच्या उंचवट्याच्या पुरता पलीकडे गेला पाहिजे आणि क्लिप उंचवट्याच्या मागे, होजच्या टोकापासून थोडी आत. आणि जिथे परत हात जाणार नाही तिथे क्लिपचा स्क्रू कुठल्या दिशेला येतोय हे चढवायच्या आधीच ठरवा! आम्ही पहिल्यांदा स्क्रू पत्र्याकडे तोंड करून बसवला आणि तो आवळायलाच येईना, परत सगळं काढलं, अर्धा तास आणि दोन शिव्या. क्लिप आवळताना रबर कडेने जरासं फुगलेलं दिसलं की थांबा, जास्त आवळली की पट्टी रबर कापते.

गॅस्केटच्या जोडाचं काम असेल तर जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून साफ करा आणि सिलिकॉन लावायचंच तर अगदी पातळ. भरभरून लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला लोंबतं, तुटतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं.

भरणं आणि हवा काढणं

खोललेलं सगळं परत बसवायच्या आधी कूलंट भरा आणि प्रेशर टेस्ट पुन्हा करा. एअर फिल्टरचा डबा बाहेरच असू दे, गळलं तर परत खोलायला नको.

कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्या जातीचं घ्या, रंगावर जाऊ नका, हिरवं लाल गुलाबी हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने देते. वेगवेगळ्या जातीचं मिसळलं तर आत गाळ होऊ शकतो. घट्ट कूलंट असेल तर अर्धं-अर्धं करायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, विहिरीचं तर नाहीच नाही.

गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, म्हणजे रेडिएटरची मान सगळ्यात वर येईल, हँडब्रेक आणि ठोकळे लावून. हीटर फुल गरमवर. इंजिनवर हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा आणि तिथून बुडबुडे बंद होऊन अखंड धार येईपर्यंत हळूहळू ओता, मग आवळा. कॅप उघडी ठेवून गाडी आयडलला, मधूनमधून वरचा होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, भरत राहा. ८०-९० डिग्रीच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा वरचा होज एकदम गरम होतो आणि लेव्हल झपकन खाली जाऊ शकते. भरा आणि कूलंट उसळून वर यायच्या आत कॅप लावा. पाठीमागच्या हीटरच्या लाइनीत हवा अडकली तर काटा नाचत राहतो, हीटर गार हवा मारतो, मग गाडी थंड करून सगळं परत.

आणि घाटातच अडकलात तर

हळद. हो, रेडिएटरमध्ये हळद टाकणारे ड्रायव्हर अजून आहेत आणि बारीक गळती तिने तात्पुरती बंद होते, खोटं नाही बोलत. पण तीच हळद, किंवा विकतचं लीक बंद करायचं औषध, रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बंद करतं. मरणाची वेळ असेल तरच, आणि नंतर सगळं फ्लश करायचं.

त्यापेक्षा गाडीत सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी आणि बाइंडिंग वायर ठेवा. गाडी थंड झाल्यावर फाटक्या होजवर पट्टी ताणून गुंडाळा, वरून वायर पिळा. काटा लाल रेषेला गेला तर बाजूला घ्या, बंद करा, तासभर तरी कॅपला हात नाही, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतून हेडला तडा पाडून घेऊ नका. पाणी भरायचंच तर थंड झाल्यावर इंजिन चालू ठेवून बारीक धारेने. जवळच्या गावापर्यंत लोड कमी करून, खालच्या गिअरमध्ये, रेस न वाढवता.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीने मारा. आम्ही साखरप्यापर्यंत जाऊन आलो, रात्री गाडी थंड होऊ दिली, सकाळी क्लिप आणखी अर्धा फेरा आवळली, नवं रबर एकदा तापलं की दबतं आणि क्लिप सैल पडते. तिसऱ्या दिवशी मार्करची रेघ आणि कूलंट एकाच जागी होतं, मग पेट्या भरल्या.